संमतीचा हुकूमनामा आणि एकल न्यायमूर्तींच्या अधिकाराची सीमा

दिवाणी दावा दोन प्रकारे संपतो. एक तर पुरावा ऐकून न्यायाधीश निवाडा देतात, नाहीतर वादी आणि प्रतिवादी आपसांत समेट करतात आणि न्यायालय त्या समेटावर आपली मोहोर उमटवते. या दुसऱ्या प्रकाराला तडजोड हुकूमनामा किंवा संमतीचा हुकूमनामा म्हणतात. गोव्यातील न्यायालयांच्या आवारात तो ‘कन्सेंट डिक्री’ या नावानेच अधिक परिचित आहे. पैसा, वेळ आणि नातेसंबंध या तिन्ही दृष्टींनी तो हितकारक ठरतो. मात्र हुकूमनामा हाती पडल्यावर सर्वे क्रमांक चुकलेला, एखादे कलम गळलेले किंवा मनात होते त्यापेक्षा निराळेच काही लिहिले गेलेले आढळले, तर प्रश्न उभा राहतो. ही चूक दुरुस्त कोणी करायची? उच्च न्यायालयात एकट्याने बसणारे न्यायमूर्ती दोन्ही पक्षांच्या संमतीने ठरलेला मजकूर बदलू शकतात काय?

या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. दुरुस्ती, पुनर्विलोकन, फेरबदल आणि रद्द करणे या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. प्रत्येकीचे दार वेगळे आहे आणि चुकीचे दार ठोठावणाऱ्याची वर्षे वाया जातात. हैदराबाद-सिकंदराबाद या जुळ्या शहरांच्या न्यायालयीन इतिहासात याची ठळक उदाहरणे सापडतात.

जुळ्या शहरांची पार्श्वभूमी

सिकंदराबाद ही मुळात ब्रिटिश फौजेची छावणी. निजामाच्या राज्यात असूनही तेथील कारभार ब्रिटिश रेसिडेंटच्या देखरेखीखाली चाले आणि ब्रिटिश भारताचे अनेक कायदे तेथे लागू केलेले होते. मुसी नदीकाठच्या हैदराबाद शहरात मात्र निजामाची स्वतंत्र न्यायव्यवस्था होती. १९४५ साली सिकंदराबादचा नागरी भाग निजामाकडे परत गेला. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि १९५१ साली १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता तेथे लागू झाली. मराठवाड्याचे जिल्हे त्या वेळी हैदराबाद राज्यातच असल्याने तेथील मराठी पक्षकारांनाही हीच संहिता त्याच वेळी मिळाली. गोव्याला ती मुक्तीनंतर, १९६५ च्या कायद्याने लागू झाली. आज सिकंदराबाद, लातूर आणि मडगाव येथील पक्षकारांना तडजोडीबाबतचे नियम मूलतः एकच आहेत.

नोव्हेंबर १९५६ मध्ये आंध्र प्रदेशाचे उच्च न्यायालय हैदराबादेत सुरू झाले. हैदराबादचे मराठी विधिज्ञ गोपाळराव एकबोटे १९७२ ते १९७४ या काळात त्याचे मुख्य न्यायमूर्ती होते. १ जानेवारी २०१९ पासून तेथे तेलंगणाचे स्वतंत्र उच्च न्यायालय आहे.

या न्यायालयाच्या दप्तरात तडजोडीचे दूरगामी परिणाम दाखवणारा एक प्रसिद्ध दावा आहे. पायगा घराण्यातील नवाब खुर्शीद जाह यांच्या मागे राहिलेल्या मालमत्तेच्या वाटणीसाठी तो १९५५ साली हैदराबादच्या नगर दिवाणी न्यायालयात दाखल झाला. पुढे तो उच्च न्यायालयाकडे वर्ग होऊन त्याला ‘सी.एस. १४/१९५८’ हा क्रमांक मिळाला. २८ जून १९६३ रोजी त्यात प्राथमिक हुकूमनामा झाला आणि पक्षकारांमधील तडजोड त्याच्या मुळाशी होती. वाटणीच्या दाव्यात प्राथमिक हुकूमनामा फक्त हिस्से ठरवतो. कोणती जमीन कोणाच्या वाट्याला जाणार हे अंतिम हुकूमनाम्याने ठरते. म्हणून त्यानंतर दशकानुदशके अंतिम हुकूमनामे, हक्कांचे हस्तांतर, कब्जा आणि महसुली नोंदी यांसाठी अर्जांमागून अर्ज येत राहिले. हैदरनगर, हाफिजपेठ, हस्मतपेठ ही त्या काळी शहराबाहेरची गावे आज महानगराच्या पोटात आहेत आणि तेथील जमिनींचे मोल कल्पनेपलीकडे वाढले आहे. याच दाव्यातून उद्भवलेल्या अपिलांवर सर्वोच्च न्यायालयाला २०२३ सालीदेखील निकाल द्यावा लागला.

तडजोडीच्या कागदावरचा एकेक शब्द दोन पिढ्यांनंतरही किती वजनदार ठरू शकतो, हे या दाव्यावरून कळते.

संमतीच्या हुकूमनाम्याचे स्वरूप

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३, नियम ३ नुसार तडजोड कायदेशीर असावी लागते, ती लेखी असावी लागते आणि तिच्यावर पक्षकारांच्या सह्या असाव्या लागतात. लेखी स्वरूप आणि सह्या ही अट १९७६ च्या दुरुस्तीने आली. पक्षकाराच्या वतीने वकिलाने केलेली सही चालते काय, हा प्रश्न मुंबईहून सर्वोच्च न्यायालयात गेला होता. बायराम पेस्तनजी गारीवाला विरुद्ध युनियन बँक ऑफ इंडिया या प्रकरणात न्यायालयाने १९९१ साली सांगितले की, रीतसर अधिकार दिलेल्या वकिलाची सही चालते. तरीही महत्त्वाच्या बाबींत पक्षकाराची स्पष्ट लेखी सूचना घेणे हे वकिलाचे कर्तव्य असल्याचे न्यायालयांनी पुढे वेळोवेळी बजावले आहे.

अशा हुकूमनाम्याची दोन रूपे असतात. एकीकडे तो पक्षकारांमधला करार असतो आणि दुसरीकडे न्यायालयाचा आदेश. करार असल्यामुळे एका पक्षाच्या इच्छेने त्यात बदल होत नाही. आदेश असल्यामुळे दोन्ही पक्षांनाही तो परस्पर गुंडाळून ठेवता येत नाही, आणि न्यायालयाचे आपल्या अभिलेखावर नियंत्रण राहते. एकल न्यायमूर्तींच्या अधिकाराचा सारा वाद या दोन रूपांच्या ताणातून जन्माला येतो.

संमतीने झालेल्या हुकूमनाम्याविरुद्ध अपील चालत नाही, असे कलम ९६(३) सांगते. तडजोड बेकायदेशीर होती म्हणून हुकूमनामा रद्द करावा, असा नवा दावाही आदेश २३, नियम ३-अ मुळे आणता येत नाही. हे दोन्ही रस्ते बंद असल्याने पक्षकार साहजिकच त्याच न्यायालयाकडे वळतो आणि ‘एवढी दुरुस्ती करून द्या’ म्हणून अर्ज करतो.

कलम १५२ मध्ये काय बसते

निकालपत्र, हुकूमनामा किंवा आदेश यांतील लेखनाच्या वा आकडेमोडीच्या चुका, तसेच अनवधानाने राहिलेल्या त्रुटी न्यायालय केव्हाही दुरुस्त करू शकते. हा अधिकार कलम १५२ देते. त्याला मुदतीचे बंधन नाही. न्यायालय तो स्वतःहूनही वापरू शकते. उच्च न्यायालय हे संविधानाच्या अनुच्छेद २१५ प्रमाणे अभिलेख न्यायालय असल्याने आपला अभिलेख निर्दोष ठेवणे हे त्याचे कर्तव्यही मानले जाते.

या अधिकाराची सीमा एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, सिकंदराबादच्या मारेडपल्लीत दोन भावांचे वडिलोपार्जित घर आहे. दाव्यात त्यांनी तडजोड केली की, पूर्वेकडचा भाग थोरल्याला, पश्चिमेकडचा धाकट्याला, आणि फरकापोटी थोरल्याने धाकट्याला ४० लाख रुपये द्यावेत.

पहिली शक्यता अशी की, भावांनी सही केलेल्या तडजोडपत्रात मालमत्तेचा क्रमांक ७४ आहे, पण न्यायालयाच्या कार्यालयात हुकूमनामा तयार होताना तो ४७ पडला. ही शुद्ध लेखनिकाची चूक. कलम १५२ खाली एकल न्यायमूर्ती ती दुरुस्त करतील आणि धाकट्या भावाने हरकत घेतली तरी करतील. कारण येथे संमती बदलत नाही, हुकूमनामा संमतीशी जुळवला जातो.

दुसऱ्या शक्यतेत तडजोडपत्रातच ‘पूर्व’ आणि ‘पश्चिम’ यांची अदलाबदल झाली आहे. पण सोबत जोडलेल्या आणि दोघांनी सही केलेल्या नकाशात थोरल्याचा भाग स्पष्ट रंगवलेला आहे. चूक कागदावरूनच उघड दिसते, ती शोधायला पुरावा नोंदवावा लागत नाही. अशी दुरुस्तीही होऊ शकते.

तिसऱ्या शक्यतेत कागदपत्रांत कोठेही विसंगती नाही. मात्र थोरला म्हणतो, ‘गच्चीचा हक्कही मला मिळायचा होता, लिहायचे राहिले.’ धाकटा ते साफ नाकारतो. येथे कलम १५२ चे दार बंद होते. खरोखर काय ठरले होते हे ठरवण्यासाठी न्यायमूर्तींना साक्षी घ्याव्या लागतील, आणि तसे करणे म्हणजे नव्याने निवाडा करणे.

चौथी शक्यता अशी की, वर्षभरात घराचे भाव वाढले आणि धाकट्याला ४० लाख कमी वाटू लागले. पश्चात्ताप ही चूक नव्हे. कराराच्या कायद्यातही एकाच पक्षाचा गैरसमज करार मोडायला पुरेसा ठरत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने आखलेली रेषा

या विषयावरचे एक महत्त्वाचे प्रकरण मुंबईतील आहे. परस्पर संमतीने घटस्फोट झालेल्या दाम्पत्यात सदनिकेवरून वाद उभा राहिला. सदनिकेच्या हक्काबाबतची तरतूद घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात नव्हती. ती राहून गेलेली चूक आहे असे धरून कौटुंबिक न्यायालयाने ती दुरुस्तीच्या मार्गाने घातली आणि उच्च न्यायालयानेही ते मान्य केले. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली तो निर्णय फिरवला. त्याने घालून दिलेली कसोटी आजही वापरली जाते. आदेश देताना न्यायालयाच्या मनात जे होते पण कागदावर चुकून उतरले नाही, तेवढेच कलम १५२ खाली घालता येते. जे त्या वेळी मनातच नव्हते, ते नंतर सुचले म्हणून घालता येत नाही. दुरुस्तीच्या नावाखाली हुकूमनाम्याचा आशय बदलता येत नाही.

अजंता विरुद्ध कॅसिओ हे प्रकरण एकल न्यायमूर्तींच्या अधिकारावर अधिक थेट प्रकाश टाकते. कॅल्क्युलेटरच्या संबंधात दिल्ली उच्च न्यायालयात दावा झाला, मध्यस्थीतून समेट झाला आणि त्यानुसार हुकूमनामा निघाला. त्यानंतर अजंताने समेटाच्या मजकुरात चूक असल्याचे सांगून दुरुस्ती मागितली. एकल न्यायमूर्तींनी अर्ज फेटाळला. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. समेटाचा मसुदा दोन्ही बाजूंच्या वकिलांमध्ये चर्चिला गेला होता, हे न्यायालयाने विचारात घेतले. चूक उघड आणि निर्विवाद असल्याशिवाय संमतीच्या हुकूमनाम्याला हात लावता येणार नाही. तसे न केल्यास प्रत्येक तडजोडीनंतर कोणी ना कोणी बदल मागायला उभा राहील, हे त्यामागचे कारण.

सारांश असा की, एकल न्यायमूर्तींना अधिकार आहे, पण तो आरसा पुसण्याचा आहे. त्यात दिसणारे रूप बदलण्याचा नाही. आशयात बदल हवा असेल तर दोन्ही पक्षांची नवी संमती लागते.

एकल न्यायमूर्ती की खंडपीठ

चूक कलम १५२ मध्ये बसते हे ठरल्यावरही अर्ज कोणापुढे करायचा हा प्रश्न उरतो. अनेक अर्ज गुणदोषांवर नव्हे, तर येथेच कोसळतात.

ज्या न्यायालयाचा हुकूमनामा, त्याच न्यायालयाकडे दुरुस्ती, हा मूळ नियम. दावा सिकंदराबादच्या दिवाणी न्यायालयात तडजोडीने संपला असेल आणि पुढे अपील झाले नसेल, तर उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींकडे थेट दुरुस्तीचा अर्ज करता येत नाही. खालच्या न्यायालयाने दुरुस्ती नाकारली किंवा मर्यादा ओलांडून केली, तरच प्रकरण पुनरीक्षणाच्या किंवा अनुच्छेद २२७ च्या मार्गाने त्यांच्यापुढे येते. त्या वेळीही ते खालच्या न्यायालयाने मर्यादा पाळली की नाही एवढेच तपासतात.

अपिलात तडजोड झाली असेल तर चित्र बदलते. प्रथम किंवा द्वितीय अपिलात एकल न्यायमूर्तींपुढे समेट नोंदवला गेला की खालचा हुकूमनामा त्यात विलीन होतो. मग दुरुस्तीही उच्च न्यायालयातच मागावी लागते. मात्र अपील प्राथमिक सुनावणीतच फेटाळले गेले असेल, तर कलम १५३-अ प्रमाणे दुरुस्तीचा अधिकार मूळ न्यायालयाकडेच राहतो. हे कलमही १९७६ साली आले.

खंडपीठापुढे नोंदवलेल्या तडजोडीला एकल न्यायमूर्ती हात लावू शकत नाहीत. एकल न्यायमूर्तींच्या मूळ निकालावर लेटर्स पेटंटखाली खंडपीठाकडे अपील झाले आणि तेथे समेट झाला, तर मूळ निकालाची जागा खंडपीठाच्या आदेशाने घेतलेली असते. सर्वोच्च न्यायालयात नोंदवलेल्या तडजोडीबाबतही हेच तत्त्व. अशा तडजोडीची चूक उच्च न्यायालयाने दुरुस्त केली तर तो आदेश अधिकाराबाहेरचा ठरतो.

हुकूमनामा देणारे न्यायमूर्ती निवृत्त झाले किंवा त्यांचे काम बदलले, तरी कलम १५२ चा अधिकार संपत नाही. तो व्यक्तीचा नसून न्यायालयाचा आहे. मुख्य न्यायमूर्तींनी कामाच्या वाटपात ज्यांना तो विषय दिला असेल ते एकल न्यायमूर्ती अर्ज ऐकतात. पुनर्विलोकनाचे मात्र तसे नाही. आदेश ४७, नियम ५ प्रमाणे मूळ आदेश देणारे न्यायमूर्ती त्याच न्यायालयात असतील आणि गैरहजेरी वा अन्य कारणाने सहा महिने तो अर्ज विचारात घेण्यास असमर्थ नसतील, तर पुनर्विलोकन त्यांनीच ऐकायचे असते. समकक्ष एकल न्यायमूर्तींनी दुसऱ्या एकल न्यायमूर्तींच्या आदेशावर अपिलासारखे बसू नये, हा त्यामागचा विचार.

हुकूमनाम्याची अंमलबजावणी करणाऱ्या न्यायालयाचा अधिकार तर आणखी मर्यादित आहे. दरखास्तीत हुकूमनाम्याच्या मागे जाता येत नाही. शब्द संदिग्ध असतील तर दाव्याची कैफियत आणि कागदपत्रे पाहून अर्थ लावता येतो. नवा शब्द घालता येत नाही.

मुदत वाढवता येते काय

प्रत्यक्ष व्यवहारात सर्वाधिक अर्ज मुदतवाढीसाठी येतात. ‘३१ मार्चपर्यंत पैसे भरावेत, न भरल्यास घराचा कब्जा द्यावा’ अशी अट तडजोडीत असते आणि मुदत टळते. ती वाढवणे हा संमतीत बदल आहे काय?

सर्वसाधारण उत्तर ‘होय’ असेच आहे. मुदत जर समेटाचाच भाग असेल, तर दुसऱ्या पक्षाच्या संमतीशिवाय ती वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या दशकातच सांगितले. तथापि १९८३ साली पेरियाक्कल प्रकरणात त्याच न्यायालयाने थोडी मोकळीक ठेवली. पक्षकारांची तडजोड न्यायालयाच्या आदेशात उतरली आणि मुदत त्या आदेशाचा भाग बनली, तर उघड अन्याय टाळण्यासाठी न्यायालय ती वाढवू शकते. मात्र हे सहज करू नये. अपघात, गंभीर आजार अशी पक्षकाराच्या हाताबाहेरची कारणे येथे ऐकली जातात. ‘पैसे जुळले नाहीत’ हे कारण सहसा टिकत नाही.

फसवणूक झाली असेल तर

आतापर्यंतची चर्चा दुरुस्तीची होती. सही खोटी आहे, मजकूर दडवून सही घेतली, वकिलाला अधिकारच नव्हता किंवा तडजोड कायद्याविरुद्ध आहे, असे म्हणणे असेल तर ती दुरुस्ती नव्हे. तेथे हुकूमनामा मागे घेण्याची विनंती करावी लागते.

आदेश २३, नियम ३ च्या परंतुकाप्रमाणे, तडजोड झाली की नाही असा वाद उभा राहिला तर तो निकाली काढणे हे तडजोड नोंदवणाऱ्या न्यायालयाचेच काम आहे. बनवारीलाल विरुद्ध चंदो देवी या निकालापासून हा मार्ग पक्का झाला आहे. तडजोड नोंदवणारे न्यायालय म्हणजे उच्च न्यायालयाचे एकल न्यायमूर्ती असतील, तर साक्षीपुरावा घेऊन तडजोड वैध होती की नाही हे ठरवण्याचा पूर्ण अधिकार त्यांना आहे. कलम १५२ खाली जे वर्ज्य, ते येथे कर्तव्य ठरते. हा अर्ज करण्याचा हक्क कायद्याने दिलेला असल्यामुळे तो काढून घेता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली नवरतनलाल शर्मा प्रकरणात स्पष्ट केले.

परिणामातही मोठा फरक आहे. कलम १५२ खालील अर्ज यशस्वी झाला तर हुकूमनामा टिकतो आणि फक्त चूक जाते. परंतुकाखालील अर्ज यशस्वी झाला तर हुकूमनामाच पडतो आणि मूळ दावा पुन्हा जिवंत होतो. या दोहोंमधली वाट, म्हणजे ‘फसवणूक झाली म्हणून रक्कम ४० ऐवजी ६० लाख करा’, ही कायद्यात नाही. न्यायमूर्ती तडजोड ठेवतील किंवा मोडतील, पक्षकारांच्या वतीने नवी लिहून देणार नाहीत.

लोकअदालतीचा निवाडा : हैदराबादचे प्रकरण

तडजोडीचा सर्वाधिक वापर आज लोकअदालतींत होतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम २१ प्रमाणे लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा मानला जातो, तो अंतिम असतो आणि त्यावर अपील नसते.

हैदराबाद परिसरातील जमिनीच्या एका वादात २००७ साली लोकअदालतीचा निवाडा झाला. तो फसवणुकीने मिळवला, असे म्हणत पुढे दिवाणी दावा दाखल करण्यात आला. खालच्या न्यायालयाने दावा दाखलपातळीवरच नाकारला, उच्च न्यायालयाने तो पुन्हा सुरू केला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. भार्गवी कन्स्ट्रक्शन्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, फसवणुकीचा आरोप असला तरी नवा दावा चालणार नाही. लोकअदालतीच्या निवाड्याला फक्त अनुच्छेद २२६ किंवा २२७ खाली उच्च न्यायालयातच आव्हान देता येईल, आणि तेही मोजक्याच कारणांवर.

अशी याचिका बहुधा एकल न्यायमूर्तींपुढे येते. त्यामुळे लोकअदालतीच्या बाबतीत त्यांची भूमिका विशेष महत्त्वाची ठरते. पण येथेही ते निवाडा रद्द करू शकतात किंवा राखू शकतात, अटी नव्याने ठरवू शकत नाहीत.

जेथे संमती अंतिम नसते

काही क्षेत्रांत पक्षकारांची संमती न्यायालयाचे हात बांधत नाही. पहिले क्षेत्र मुलांच्या ताब्याचे. आईवडिलांनी संमतीने काहीही ठरवले तरी मुलाच्या हिताला बाधा येत असेल तर न्यायालय तो आदेश बदलू शकते. दुसरे, निर्वाह-खर्चाचे. परिस्थिती बदलल्यास हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २५(२) प्रमाणे कायम निर्वाह-खर्चाच्या आदेशात फेरबदल होऊ शकतो. तिसरे, अज्ञान व्यक्तीच्या वतीने केलेल्या तडजोडीचे. आदेश ३२, नियम ७ प्रमाणे तिला न्यायालयाची स्पष्ट परवानगी लागते. ती घेतली नसेल तर अज्ञानाच्या बाजूने तडजोड रद्द होऊ शकते.

तसेच कायद्याने न्यायालयाला नसलेला अधिकार पक्षकारांच्या संमतीने निर्माण होत नाही. भाडे नियंत्रण कायद्यातील निष्कासनाची कारणे अस्तित्वातच नसताना केवळ संमतीवर घर रिकामे करण्याचा हुकूमनामा दिला, तर तो धोक्यात येतो.

तिऱ्हाइताचे काय

पायगा मालमत्तेसारख्या दाव्यांमुळे सर्वसामान्यांच्या मनात येणारा प्रश्न असा की, दोघांनी तडजोड केली आणि त्यात तिसऱ्याचीच जमीन घातली तर? तडजोड हुकूमनामा पक्षकारांना आणि त्यांच्याकडून हक्क घेणाऱ्यांना बांधतो. दाव्यात नसलेल्या माणसाचा स्वतंत्र मालकी हक्क किंवा शासनाचा हक्क त्यामुळे बुडत नाही. म्हणून एकल न्यायमूर्तींनी कलम १५२ खाली परिशिष्टातील सर्वे क्रमांक दुरुस्त करताना विशेष सावध असणे आवश्यक असते. एक अंक बदलला की शेजाऱ्याचे शेत हुकूमनाम्यात येऊ शकते. अशा अर्जात संबंधित सर्वांना नोटीस गेली आहे काय, नवा क्रमांक मूळ कैफियतीशी जुळतो काय, हे पाहिले जाते.

नोंदणीचाही मुद्दा येथे येतो. दाव्याचा विषय नसलेली स्थावर मालमत्ता तडजोडीत घातली असेल, तर नोंदणी अधिनियमाच्या कलम १७ प्रमाणे तो हुकूमनामा नोंदवावा लागतो. मागाहून ‘दुरुस्ती’ म्हणून नवी मालमत्ता आत आणणे हे दुरुस्तीच्या मर्यादेबाहेर जाते आणि नोंदणीची अडचणही ओढवून घेते.

पक्षकारांसाठी काही व्यावहारिक सूचना

गोव्यातील वारसाहक्क आणि इन्व्हेंटरीच्या प्रकरणांत, तसेच भाटकार-मुंडकार वादांत तडजोडी वारंवार होतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात अनेक द्वितीय अपिले संमतीने एकल न्यायमूर्तींपुढे निकाली निघतात. त्या दृष्टीने पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

तडजोडपत्र आपल्याला समजणाऱ्या भाषेत वाचून घ्यावे आणि प्रत्येक पानावर सही करावी. मालमत्तेचे वर्णन सर्वे क्रमांक, उपविभाग, क्षेत्रफळ आणि चतुःसीमा अशा सर्व अंगांनी लिहावे, कारण एक तपशील चुकला तर उरलेले तपशील चूक उघड करतात. नकाशा जोडून त्यावर सह्या घ्याव्यात. रक्कम अंकी आणि अक्षरी लिहावी. मुदत चुकल्यास काय होईल आणि मुदत वाढवण्याची मुभा कोणाला, हे तडजोडीतच नमूद करावे. तसे केल्याने पुढचे अर्धे अर्ज टळतात.

हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत मिळताच ती तडजोडपत्राशी ओळीओळीने ताडून पाहावी. फरक आढळल्यास लगेच अर्ज करावा. कलम १५२ ला मुदत नसली तरी उशीर झाल्यास दरम्यान मालमत्तेची विक्री होते, तिऱ्हाइताचे हक्क निर्माण होतात आणि न्यायालयही संशयाने पाहते. पुनर्विलोकनासाठी मात्र ३० दिवसांचीच मुदत आहे. अर्ज करण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा : माझे म्हणणे अभिलेखावरूनच सिद्ध होते की मला साक्षीदार आणावा लागेल? साक्षीदार लागत असेल तर मार्ग कलम १५२ चा नाही. आणि चूक खरी, पण अभिलेखावरून न दिसणारी असेल, तर दुसऱ्या पक्षाला विनंती करून संयुक्त अर्ज करणे हाच सर्वांत जवळचा रस्ता. संयुक्त अर्जावर न्यायमूर्ती नवी संमती नोंदवू शकतात.

संमतीच्या हुकूमनाम्यात न्यायालय पक्षकारांच्या शब्दाला आपले बळ देते. तो शब्द नंतर एका बाजूच्या सोयीने बदलू लागला तर उद्या समेटाला कोणी तयार होणार नाही आणि प्रत्येक वाद शेवटच्या अपिलापर्यंत लढला जाईल. उलट उघड चूकही दुरुस्त होत नसेल, तर लेखनिकाच्या एका अंकावर कुटुंबाचे घर जाईल. एकल न्यायमूर्तींचा अधिकार या दोन अनर्थांच्या मध्ये मुद्दाम अरुंद ठेवलेला आहे. पक्षकाराने त्यावर भिस्त ठेवण्यापेक्षा सही करण्यापूर्वी तडजोडपत्र आणखी एकदा वाचलेले बरे.